बाथरूम आवरायचंय, पण ड्रमचं काय करू? खान्देशातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीटनेटक्या बाथरूमचे फोटो बघितले की त्यात काचेचं दार असतं, एखादं झाड असतं, गुंडाळून ठेवलेले पांढरे टॉवेल असतात. दोनशे लिटरचा निळा ड्रम त्यात कधीच दिसत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरांत मात्र तो असतोच, शिवाय त्याच्या शेजारी दोन टाक्या, चार बादल्या आणि 'पाणी सुटलं की भरून ठेवू' म्हणून जपलेला एक गळका हंडा. त्यामुळे इथे सुरुवात बाटल्यांपासून न करता पाण्यापासून केली आहे. ज्यांच्या नळाला रोज पाणी येतं त्यांनी पहिले तीन प्रश्न सोडले तरी चालतील.

बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. नेमकी कुठून सुरुवात करू?

पाण्याची भांडी मोजा आणि हिशोब करा. आपल्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं, हा एकच आकडा त्यासाठी लागतो. कुठे दिवसाआड येतं, कुठे चौथ्या दिवशी, कुठे उन्हाळ्यात आठवड्यावर जातं. धरण भरल्याची बातमी वाचून ड्रम कमी करू नका. वाघूर धरण भरलेलं असलं तरी जलवाहिनी फुटली की जळगावात पाण्याची पाळी पुढे जातेच. हिशोबात धरायची ती गेल्या उन्हाळ्यातली सगळ्यात लांबलेली पाळी.

समजा, घरात चार माणसं आहेत आणि पाणी चौथ्या दिवशी येतं. अंघोळीला माणशी वीस लिटरची एक बादली धरली तर दिवसाला ८० लिटर आणि चार दिवसांचे ३२० लिटर. म्हणजे दोनशेचे दोन ड्रम पुरले, वर थोडं शिल्लकच राहिलं. धुणंभांडी, संडास, पिणं असं सगळं धरायचं असेल तर ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचं प्रमाण धरलं आहे. त्या हिशोबाने चार माणसांना चार दिवसांसाठी ८८० लिटर लागतात. गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल आणि ती भरत असेल, तर हे सगळं पाणी वरच मावलं. मग बाथरूममधले ड्रम कशासाठी, हे घरात मोठ्याने विचारा. बहुतेक वेळा उत्तर असं येतं की टाकी बसवण्याआधीचे आहेत, राहिले तसेच.

हिशोबात न बसणारं प्रत्येक भांडं बाहेर काढा. त्यात गळकी बादली, तडा गेलेला टब आणि कडी तुटलेला डबा आधी जातील. उन्हात राहिलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात, भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना, अंगणात ठेवलेली बादली दोन-तीन उन्हाळ्यांत भरल्या वजनाने फुटायच्या बेताला येते. अशी भांडी 'असू द्या' म्हणून ठेवण्यात फायदा नाही.

कोणत्या दिवशी आवरायला घ्यावं? रविवारच मिळतो.

पाणी येण्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा ड्रम तळाला गेलेले असतात, एकट्याने हलवता येतात. भरलेला दोनशेचा ड्रम म्हणजे दोनशे किलो वजन, तो कुणी हलवू नये. आदल्या दिवशी कोरडी कामं उरका: सगळं बाहेर काढणं, निवडणं, फेकणं, खिळे-हुक ठोकणं. ज्या दिवशी पाणी सुटेल त्या दिवशी घासणं-धुणं. पाळी रविवारी येत नसेल तर आवरणं दोन संध्याकाळींत वाटून घ्या. रविवारी भरलेल्या ड्रमांच्या मधून झाडू फिरवायचा आणि सोमवारी पुन्हा तेच, असं करण्यापेक्षा ते बरं.

ड्रम ठेवावेच लागतात, पण डासांचं काय?

डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच वाढतो, आणि त्याला ड्रम फार आवडतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण नुसतं पाणी उपसून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या थोडी वर, ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटवून, आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पाणी पुन्हा वर चढलं की फुटतात. म्हणून ड्रमची आतली बाजू ताठ ब्रशने किंवा नारळाच्या शेंडीने घासायला हवी, विशेषतः जिथे पाण्याची रेघ दिसते तिथे.

झाकण बसत नसेल तर जुन्या सुती लुगड्याचा दुहेरी तुकडा टाकून कडेला नाडीने आवळा. सैल टाकलेलं फडकं मधोमध बुडतं आणि त्या खोलगटात साचलेल्या पाण्यातही डास अंडी घालतो.

दोनच ड्रम असतील तर आधी एकच वापरून संपवा, घासा, मग दुसरा सुरू करा. दोन्हींतून थोडं थोडं काढत राहिलं की दोन्ही कधीच रिकामे होत नाहीत.

शेतावरचे रिकामे कॅन बाथरूममध्ये पाणी भरायला वापरतो. धुऊन घेतले की चालतं ना?

फवारणीच्या औषधाचा कॅन असेल तर नाही. तो कितीही धुवा, चुलीवर उकळत्या पाण्याने धुवा, तरी नाही. कीटकनाशक प्लॅस्टिकमध्ये शिरतं आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतं. कपाशीच्या पट्ट्यात हे कॅन घरोघरी सापडतात, घट्ट झाकणाचे, दणकट, फुकटातले. त्यांचा वरचा भाग कापून केलेला मग तर मी बऱ्याच घरांत पाहिला आहे. अंघोळीचं पाणी प्यायचं नसलं तरी लहान मूल त्याच मगाने चूळ भरतं.

रिकामा कॅन फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, मग कॅनला भोकं पाडायची, म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही. अर्धे उरलेले औषधाचे डबे बाथरूमच्या माळ्यावर किंवा संडासाच्या टाकीवर असतील तर आज उतरवा. त्यांची जागा राहत्या घराबाहेर, कुलूपबंद. पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं कीटकनाशक किंवा तणनाशक ही तर याहून वाईट सवय. बाटलीवर चिठ्ठी नसते, आणि तहानलेला माणूस वाचत बसत नाही.

बाटल्या, डब्या, पुड्या. काय ठेवायचं, काय फेकायचं?

सगळ्या एका चादरीवर मांडा. बाथरूममध्येच उभं राहून निवडलं की निम्मं परत जागेवर जातं.

तारीख गेलेलं बाजूला काढा. क्रीम-लोशनच्या डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि त्यात '१२ एम' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ उघडल्यापासून बारा महिने. कधी उघडली ते आठवत नसेल तर समजून घ्या.

दिवाळीच्या उटण्याची उरलेली पुडी बहुतेक घरांत पुढच्या दिवाळीपर्यंत टिकते. पावसाळ्यात तिचे गोळे होतात, मग पोरकिडे. वापरायचं असेल तर थंडीतच, अंग फुटतं तेव्हा संपवा. शाम्पूच्या पुड्यांची फाडलेली टोकं जाळीत अडकतात, म्हणून पुडी फाडून न टाकता कात्रीने अर्धवट कापावी, टोक पुडीलाच राहतं. लग्नाच्या हॉटेलातून आणलेले साबण जमवले असतील तर ते पाहुण्यांच्या खोलीत नेऊन ठेवा किंवा हात धुवायच्या जागी संपवा. दात घासायचे ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलायचे. जुन्यांपैकी एक नळाच्या फटी घासायला ठेवा. सगळे नका ठेवू.

खोबरेल तेलाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्याच्या बाटल्या जितक्या अर्ध्या राहतात तितक्या कशाच्याच राहत नाहीत. साधारण २४ अंशांखाली ते थिजतं. धुळ्याकडे थंडीत पारा एक आकडी होतो, मग अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते निघत नाही आणि घरात दुसरी बाटली येते. उन्हाळ्यात दोन्ही सापडतात. रुंद तोंडाची एकच बरणी केली तर हा घोळच राहत नाही.

सासूबाई काही टाकू देत नाहीत. 'ऱ्हाऊ दे, कामले ई' (राहू दे, कामाला येईल) एवढंच म्हणतात.

त्यांचं चुकतं असं सरसकट म्हणू नका. ज्या पिढीने दोन कोसांवरून पाणी आणलं, तिच्या लेखी भांडं म्हणजे पाणी. वज्री, घासायचा दगड, पितळी तांब्या या त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू असतात, पसारा नाही. मे महिन्यातल्या भेगाळलेल्या टाचांना वज्री जेवढं काम देते तेवढं महागड्या ब्रशने होत नाही, हे माझं मत.

त्यांच्या मागे वस्तू फेकू नका. त्यांना एक फळी द्या, त्यांच्या हाताच्या उंचीची, आणि तिच्यावर काय ठेवायचं ते त्याच ठरवतील असं सांगा. फळी भरली की काय काढायचं तेही त्याच ठरवतील. उरलेल्या जागेचा निर्णय तुमचा. बाकी वाद घालण्यासारखं बाथरूममध्ये फारसं काही नसतं.

तांब्याचा बंब आणि घंगाळ पडून आहे. विकावं का?

बंब वापरात नसेल तर आधी तो का बंद पडला ते बघा. नळी फुटली असेल किंवा जाळी सडली असेल तर तांबटाकडून दुरुस्त होतो. तालुक्याच्या गावी जुन्या पेठेत चौकशी केली की सापडतो कुणीतरी. गावाकडे मोकळं अंगण आणि पऱ्हाट्यांचं जळण असेल, तर थंडीत बंब अजूनही परवडतो. शहरातल्या बंद बाथरूममध्ये मात्र तो पेटवायचाच नाही, धूर कुठे जाणार?

विकायचा असेल तर तांबं आणि पितळ वेगळं वजन करून घ्या आणि बंबाच्या पोटातली राख, क्षार, माती झाडून मगच काट्यावर ठेवा. मोडीत दोन्हींचे भाव वेगळे असतात. घंगाळ शोभेसाठी ठेवणार असाल तर ते दिवाणखान्यात न्या. बाथरूमच्या ओलीत पितळ काळं पडतं आणि महिन्याला चिंच लावून घासत बसावं लागतं.

रॅक, बास्केट, ऑर्गनायझर यांपैकी काय घ्यावं?

आवरून होईपर्यंत काहीच घेऊ नका. आधी घेतलेलं रॅक भरायलाच पसारा वाढतो. आवरल्यावर दोन आठवडे तसंच वापरा, मग कळतं कुठे हात जातो आणि कुठे नाही.

नंतर घ्यायचं ते पाणी निथळणारं. भाजीचं प्लॅस्टिकचं कॅरेट हे त्यासाठी फार सोयीचं. शेतकऱ्याच्या घरी एखादं जुनं असतंच, धुऊन आडवं भिंतीला लावलं की बाटल्यांचा खण तयार. खालून वारा जातो, तळाला चिखल साचत नाही. साबणाच्या डबीलाही खाली भोकं हवीत. नसतील तर तापवलेल्या सुईने पाडा.

लोखंडी रॅक घेऊ नका, रंग कितीही चांगला दिसू दे. बोअरच्या पाण्यात सहा महिन्यांत पोपडे निघतात. टॉवेलला लोखंडी गजच लावलेला असेल तर ठिबकच्या जुन्या नळीला उभा छेद देऊन ती गजावर चढवा. गंजाचे डाग टॉवेलला लागत नाहीत. ठिबकच्या नळीचे तुकडे कुणाच्या शेडमध्ये पडलेले नसतात?

चिकटवायचे हुक सारखे पडतात.

टाइल्सवर क्षारांचा थर असतो, हुक त्या थराला चिकटतो, टाइलला नाही. आधी तेवढा भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पुसून कोरडा करा, रात्रभर वाळू द्या, मग लावा. ज्यावर बादली किंवा ओला टॉवेल टांगायचा त्याला मात्र ड्रिल करून स्क्रूच मारलेला बरा. भाड्याच्या घरात मालकाला विचारून, टाइलच्या मधल्या सांध्यात भोक पाडा. सांधा पुन्हा बुजवता येतो.

नळावर, बादलीवर, शॉवरवर पांढरा थर येतो. आवरूनही बाथरूम मळकटच दिसतं.

हे जड पाणी. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार वाळला की थर बसतो, आणि साबणाशी मिळून चिकट साय तयार होते. फेस येत नाही म्हणून साबण जास्त घासला जातो आणि साय आणखी वाढते.

किराणा दुकानात लिंबूसत्त्व सुटं मिळतं. पेलाभर कोमट पाण्यात एक चमचा विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, पंधरा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा. जुना थर एका खेपेत जात नाही. शॉवरची जाळी काढून त्याच पाण्यात बुडवून ठेवली की बंद झालेली भोकं मोकळी होतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जमीन शहाबादी, कोटा, कडप्पा किंवा संगमरवराची असेल तर तिच्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर, ॲसिड काहीही ओतू नका. हे सगळे चुन्याचे दगड आहेत, आंबटाने ते झिजतात, पांढुरके आणि खरखरीत होतात आणि मग त्यात मळ आणखी धरतो. 'ॲसिड टाकलं तरी फरशी स्वच्छ होत नाही' अशी तक्रार असते तिथे बहुधा ॲसिडनेच फरशी खाल्लेली असते. शहाबादीला सौम्य साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे.

ॲसिड, ब्लीचिंग पावडर, फिनेल एकाच टोपलीत ठेवलं तर?

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र नकोच. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचिंग पावडरवर पडलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो. 'दोन्ही टाकलं की जास्त पांढरं होतं' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एका दिवशी एकच वापरा, भरपूर पाण्याने धुवा, दार-खिडकी उघडी ठेवा. चुकून वास आलाच तर पाणी ओतत बसू नका, आधी बाहेर या.

ब्लीचिंग पावडर ओलीने आणि उष्णतेने मरते, शिवाय जवळच्या धातूला गंज चढवते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, बाथरूमच्या बाहेर, सावलीत ठेवा. ॲसिडची बाटली मुलांच्या हाताला न लागेल अशा ठिकाणी, पण डोक्याच्या वरही नको. उंचावरून काढताना झाकण निसटलं तर थेट तोंडावर येते.

आरशामागच्या कपाटात औषधं ठेवावीत का?

नाही. अंघोळीची वाफ रोज लागते, गोळ्या ओलसर होतात. बऱ्याच पाकिटांवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्या उन्हाळ्यात ते सांभाळणं अवघडच, पण निदान घरातली सगळ्यात थंड खोली निवडा, पश्चिमेची तापणारी भिंत नको. आरशामागे कंगवा, दाढीचं सामान, कापूस. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून डब्यात टाका. कचरा उचलणाऱ्याचा हात त्यात जातो.

खिडकीला खोका लावून सामान ठेवलंय. जागा तेवढीच आहे.

गॅस गिझर असेल तर वाचणं थांबवून तो खोका आताच काढा. गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चक्कर येऊन माणूस आतच पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं अंघोळ चाललीय. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत आणणं हाच खात्रीचा उपाय. थंडीत वारा येतो म्हणून झरोक्यात कोंबलेलं पोतंही काढा.

विजेचा गिझर असेल तरी झरोका मोकळाच हवा, नाहीतर भिंतींना बुरशी. रॉड वापरत असाल तर त्याला ठरलेली खुंटी आणि ठरलेली बादली द्या, शक्यतो बाथरूमबाहेर. बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. पाणी तापलं का बघायला लोक नेमकं तेच करतात. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर ऑर्गनायझरचे पैसे त्यात घाला.

सोलर आहे, पण गरम येईपर्यंत बादलीभर गार पाणी वाया जातं.

ते वाया घालवू नका आणि त्यासाठी वेगळी बादली राखून ठेवा, वेगळ्या रंगाची. तेच पाणी संडासाला किंवा पोछ्याला. ही बादली हिशोबातल्या भांड्यांत धरा, ती पसारा नाही. उन्हाळ्यात उलटं होतं: गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी एवढं तापतं की गार पाण्यासाठी ड्रम लागतो. म्हणून मी सगळे ड्रम काढा असं कुणालाच सांगत नाही. एक सावलीत असू द्या.

घरात म्हातारी माणसं आहेत. आवरताना काय बघावं?

जमिनीवर काहीच नको. पाण्याचा मग, साबण, कपडे धुवायचा ब्रश, सगळं भिंतीवर. दारापासून बसायच्या जागेपर्यंत वाट मोकळी आणि कोरडी. पाटाऐवजी रबरी पाय असलेलं, पाठीचं स्टूल. उठताना माणूस हाताला लागेल ते धरतो, म्हणजे टॉवेलचा गज किंवा नळ, आणि तो निघून येतो. तिथे भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा दांडा हवा. आतली कडी बाहेरूनही उघडता येईल अशी करून घ्या. बादली जमिनीवरून उचलावी लागू नये म्हणून ती ठेवायला वीतभर उंचीचा ओटा गवंडी एका दिवसात करून देतो.

सगळं स्वच्छ केलं, तरी वास येतो आणि झुरळं निघतात.

जमिनीतली जाळी उचला. खाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात कायम थोडं पाणी राहतं आणि ते गटारातला वास अडवतं. त्यात केस आणि साबणाची साय भरली की पाणी तुंबतं. पाणी आटलं की वास आणि झुरळं सरळ वर येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत घर बंद करून गावी गेलात की आठ-पंधरा दिवसांत ते आटतंच. जाताना जाळीवर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून वर भरलेला तांब्या ठेवा. आल्यावर आधी दोन तांबे पाणी ओता. वापरात नसलेल्या दुसऱ्या बाथरूमलाही हेच.

पावसाळ्यात टॉवेल वाळत नाहीत.

बाथरूममधून बाहेर काढा, एवढंच. पंख्याखाली दोरी बांधा. एकावर एक टांगलेले टॉवेल कुबट होतात. माणशी दोन पुरेत, बाकीचे जुने पुसणी करा.

सॅनिटरी पॅड आणि डायपरची नीट सोय कशी करावी?

झाकणाचा छोटा डबा आणि शेजारी रद्दी कागद. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांतच हा कचरा गुंडाळून द्यायला सांगितलं आहे. संडासात टाकला तर मैलापाइप तुंबतो. नवीन पॅड मात्र बाथरूमच्या ओलीत न ठेवता कपाटात ठेवा, आतमध्ये दोन-तीन पुरेत. घरातल्या बाईला ते कागदात लपवून न्यावे लागत असतील तर फळीवर उघडी जागा द्या.

अखाजीला लेकी-नातवंडं येतात, एकच बाथरूम. कसं जमवायचं?

अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ऐन वैशाखात, पाण्याची ओढ त्याच वेळी सगळ्यात जास्त. आठ-दहा माणसं आली की चार माणसांचा हिशोब कोलमडतो. एखादा ड्रम शेजाऱ्यांकडून आणायचा असेल तर तो अंगणात ठेवा. लहान मुलांच्या अंघोळी अंगणातच उरका, त्यांनाही तेच हवं असतं.

आतमध्ये सामायिक वस्तू फक्त तीन: साबण, शाम्पू, तेल. प्रत्येकीचं बाकीचं सामान तिच्या पिशवीत, पिशवी दाराबाहेरच्या खुंटीला. दाराबाहेर खुंट्यांची एक पट्टी ठोकलीत तर वर्षभर कामाला येते, श्रावणात कानबाईच्या उत्सवाला भाऊबंद जमतात तेव्हाही. सकाळी पाच ते आठ या वेळेत घोळ होतो, तेव्हा ज्यांना बाहेर जायचं नाही त्यांनी दुपारी अंघोळ केली तर पाणीही आपोआप तापलेलं मिळतं.

खोली करून राहतो, पाच जणांत एक बाथरूम. कुणाचंच सामान कुठे सापडत नाही.

आत काहीच ठेवू नका. प्रत्येकाची छोटी बादली, सामान त्यातच, जाताना न्यायची, येताना आणायची. जळगाव-शिरपूरला शिकायला आलेल्या पोरांच्या खोल्यांत यापेक्षा वेगळं काही टिकत नाही.

अंगणातल्या संडासात सरपण आणि पोती भरली आहेत.

स्वच्छ भारत अभियानात १२ हजारांच्या अनुदानातून बांधलेले बरेच संडास असे गोदाम झाले. सरपणाला दुसरी जागा मिळेपर्यंत ते रिकामं होणार नाही, म्हणून आधी चार पत्र्यांचं छप्पर करा. पऱ्हाट्यांच्या ढिगात साप-विंचू असतात, काढताना काठीने हलवून मगच हात घाला. दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर पुढे वापरताना ॲसिड आणि फिनेल ओतू नका. मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि खड्डा लवकर भरतो. एक खड्डा भरल्यावर दुसरा सुरू केला की पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं.

बाथरूमवरच्या माळ्याचं काय?

शिडी लावून एकदा बघा. बहुतेक माळ्यांवर गणपतीचं थर्माकोल, रंगाचे सुकलेले डबे, फुटलेला कमोड सीट आणि उरलेल्या टाइल्स असतात. टाइल्स मात्र ठेवा, पाच-सहा पुरे. उद्या एखादी फुटली तर तोच रंग दुकानात मिळत नाही. रंगाचे डबे फेका. माळ्यावर पाण्याने भरलेलं काही ठेवायचं नाही. तो स्लॅब एवढ्या वजनासाठी टाकलेला नसतो.

निघालेलं सगळं भंगारात द्यावं का?

प्लॅस्टिकच्या बादल्या-ड्रम, लोखंडी रॅक, पितळी नळ भंगारवाला घेतो. पितळी नळ लोखंडाच्या भावात देऊ नका. लोहचुंबक लावून बघा, पितळेला चिकटत नाही. जुना गिझर देताना वायर आणि थर्मोस्टॅट ओढून तोडू नका, दुकानदार नव्याच्या खरेदीत जुना परत घेतो का ते आधी विचारा. ॲसिडच्या आणि टॉयलेट क्लीनरच्या बाटल्या विसळून, झाकण काढून, वेगळ्या पिशवीत द्या आणि देताना तोंडाने सांगा. तारीख गेलेली औषधं त्यात टाकू नका. ती घेण्याची काय सोय आहे ते जवळच्या मेडिकलवाल्याला विचारा.